दहा माणसांच्या आतलं काम

एक हजार चौरस फुटांच्या घरावर पाच इंच जाडीचा स्लॅब टाकला, तर सेंटरिंगवर एकाच दिवसात सुमारे २९ टन वजन येतं. चार ब्रासहून थोडं जास्त ओलं काँक्रीट, त्यातल्या सळया आणि वर वावरणारी माणसं, हा सगळा भार त्या दिवशी बल्ल्यांवर किंवा लोखंडी टेकूंवर उभा असतो. घरकुलाचा २५ चौरस मीटरचा लहानसा स्लॅबही आठ टनांच्या आसपास भरतो. काँक्रीटला स्वतःचं वजन पेलण्याची ताकद यायला दिवस लागतात. तोवर घर टेकूंच्या भरवशावर असतं आणि वर-खाली काम करणारी माणसंही.

पूर्णा शहरात आणि तालुक्यात घरं बांधण्याचा खरा हंगाम उन्हाळा. सुगी आटोपलेली असते, हातात थोडा पैसा आलेला असतो आणि मृग लागायच्या आत स्लॅब पडला पाहिजे ही सगळ्यांची घाई असते. शहराबाहेर वाढणाऱ्या वस्त्या, गावोगावची घरकुलं, शेतातल्या विहिरी, शौचालयांच्या टाक्या, दुकानांचे गाळे ही कामं कोणा मोठ्या कंपनीची नसतात. एक गुत्तेदार, एक-दोन मिस्त्री, तीन-चार बिगारी, सेंटरिंगवाल्याची टोळी आणि सळई बांधणारा फिटर एवढ्यांत घर उभं राहतं.

बांधकामावरचा अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याचे मनोरे येतात. ३१ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यातल्या सरलांबे इथे, पुलाचे गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं आणि वीस जणांचा जीव गेला. देशभर त्याची बातमी झाली. त्याच आठवड्यात इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत एका शेतातल्या विहिरीचं रिंगबांधकाम ढासळून चार मजूर मातीखाली गाडले गेले. त्यांचे मृतदेह काढायला बचावपथकांना काही दिवस लागले. एक काम हजारो कोटींच्या प्रकल्पाचं, दुसरं एका शेतकऱ्याच्या विहिरीचं. माणसं मात्र दोन्हीकडे सारख्याच तऱ्हेने गेली: मोठं वजन, त्याला धरणारा आधार आणि तो आधार सुटण्याच्या क्षणी त्याच्या खाली किंवा वर असलेली माणसं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरात बांधकामांच्या जागी दर वर्षी किमान ६० हजार कामगार मृत्युमुखी पडतात. हे मृत्यू हजार तऱ्हांनी होत नाहीत. उंचावरून पडणं, अंगावर काही पडणं, मातीत किंवा यंत्रात सापडणं आणि विजेचा धक्का, ही चार कारणं जगात सगळीकडे पुढे असतात. आपल्याकडे पाचवं कारण जोडावं लागतं, ते म्हणजे बंद टाकीत गुदमरणं. प्रत्येक कारणाची वेळ आणि जागा आधीच माहीत असते. म्हणूनच हे अपघात टाळता येतात.

स्लॅब: टेकू कधी काढायचे?

सेंटरिंग कोसळण्याच्या दोन वेळा असतात. पहिली काँक्रीट ओतताना, दुसरी टेकू काढताना.

ओतताना धोका कशाने वाढतो? टेकू मऊ भरावावर उभा असेल आणि खाली फळी नसेल तर वजन येताच तो खचतो. दोन टेकूंना आडव्या-तिरक्या पट्ट्यांनी बांधलेलं नसेल तर एक सरकला की शेजारचे कलतात. उंची पुरत नाही म्हणून बल्लीखाली विटांचे तुकडे रचले असतील तर एक वीट फुटली तरी पुरे. लिफ्टने आलेला माल एकाच कोपऱ्यात ढीग करून ओतला की तिथल्या दोन-चार टेकूंवर अनेक पट भार येतो. जुलै २०१६ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत एका उंच इमारतीचा स्लॅब भरताना तो कोसळला आणि नऊ मजूर प्राणास मुकले.

टेकू काढण्याच्या वेळेबाबत भारतीय मानक ४५६ अगदी स्पष्ट आहे. साध्या सिमेंटचं काँक्रीट आणि नेहमीचं हवामान धरलं, तर कॉलमच्या आणि भिंतीच्या बाजूच्या प्लेटा १६ ते २४ तासांनी काढता येतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचा स्लॅब असेल तर टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवायचे. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस. हे आकडे मिस्त्रींना ठाऊक नसतात असं नाही. अडचण दुसरीच असते. प्लेटा आणि टेकू भाड्याचे असतात, दुसऱ्या घराचा स्लॅब त्यांच्यासाठी खोळंबलेला असतो आणि पावसाळा जवळ येत असतो. घाईचं मूळ त्या व्यवहारात असतं, म्हणून उपायही व्यवहारातच करावा लागतो. टेकू किती दिवस राहतील हे प्लेटा ठरवतानाच ठरवायचं आणि तेवढ्या दिवसांचं भाडं घराच्या खर्चात धरायचं.

दहा फुटांवरून पडलं तरी

पहिल्या मजल्यावरून पडणं किरकोळ वाटतं. दहा फुटांवरून सुटलेला माणूस एका सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. डोकं आधी लागलं, किंवा खाली सळयांची उघडी टोकं असली, तर एवढी उंची जीव घ्यायला पुरते. वीस फुटांवरून हाच वेग ३९ किलोमीटरच्या आसपास जातो.

लहान बांधकामांत माणसं पडतात ती ठरावीक जागांवरून. कठडा नसलेली स्लॅबची कड, जिन्यासाठी सोडलेलं भोक, प्लॅस्टरसाठी बांधलेली परांची आणि शिडी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमावलीत यासाठी साध्या मापांच्या सूचना आहेत. परांची ३.६ मीटरहून उंच असेल तर तिला किमान ९० सेंटिमीटर उंचीचा कठडा हवा. जमिनीतल्या किंवा स्लॅबमधल्या प्रत्येक उघड्या जागेभोवतीही तेवढाच कठडा हवा. शिडी चार फूट उंच लावली तर तिचा पाया भिंतीपासून एक फूट तरी बाहेर असावा. यातलं काहीही परदेशातून मागवावं लागत नाही. दोन बल्ल्या, सुतळी, तार आणि अर्धा तास पुरतो. जिन्याच्या भोकावर नुसती प्लेट टाकून ठेवणं मात्र घातक आहे, कारण कोणीतरी ती दुसऱ्या कामासाठी उचलतो आणि मागून येणाऱ्याच्या डोक्यावर घमेलं असल्याने त्याला पायाखालचं दिसत नाही.

हेल्मेट पडणाऱ्याला थांबवत नाही. वरून पडणाऱ्या विटेपासून, थापीपासून डोकं वाचवतं. पडण्यापासून वाचवतो तो कठडा, आणि कठडा शक्यच नसेल तिथे पक्क्या जागी अडकवलेला सुरक्षा पट्टा. नुसतं हेल्मेट देऊन जबाबदारी संपत नाही, म्हणून हा फरक लक्षात ठेवायला हवा.

काळी माती आणि विहीर

पूर्णा आणि गोदावरी नद्यांच्या खोऱ्यातली जमीन भारी, काळी, खोल. पाणी लागलं की ती फुगते, सुकली की आकसते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या जमिनीत खोदलेली चर कोरडी असताना अगदी सरळ उभी राहते आणि भक्कम दिसते. पण आत भेगा असतात. अवकाळीची एक सर आली, कडेला मातीचा ढीग पडला किंवा जेसीबी काठावर आला, की भेगेतून सुटलेला भाग अख्खा खाली येतो.

एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड ते दोन टन असतं. माणूस छातीपर्यंत जरी गाडला गेला तरी त्याच्या फासळ्या फुलत नाहीत आणि डोकं बाहेर असूनही तो गुदमरतो. म्हणून चर १.५ मीटरहून, म्हणजे साधारण पाच फुटांहून खोल गेली की तिच्या बाजू पायऱ्यांसारख्या किंवा उतरत्या कापाव्यात, नाहीतर फळ्या आणि आडव्या टेकूंनी धराव्यात. काढलेली माती काठापासून किमान १.५ मीटर किंवा चरीच्या निम्म्या खोलीइतकी, यांतलं जे जास्त असेल तेवढी दूर टाकावी. आत उतरलेल्याला झटकन वर येता येईल अशी शिडी जवळ असावी.

विहिरीत हे सगळे धोके एकत्र येतात. वर माती, खाली मुरूम आणि खडक. मातीचा भाग बांधून घेण्याआधी खाली खोदत गेलं की वरचा भाग निराधार होतो. क्रेनची बादली वर जाताना तिच्या खाली माणसं असतात. सुरुंग उडाल्यावर न फुटलेला बार राहिला असेल तर पुढच्या पहारीच्या घावाला तो उडू शकतो. मातीचा थर आधी बांधून पक्का करणं, बादली वर जाताना खालच्यांनी कडेला सरकणं, परवानाधारक माणसाशिवाय सुरुंगाला हात न लावणं आणि पावसात विहिरीत न उतरणं, या चार गोष्टी पाळल्या तर विहिरीवरचा मोठा धोका टळतो.

डोक्यावरची तार

वस्ती वाढते तशी घरं तारांच्या जवळ येतात. पहिला मजला चढवला की पूर्वी दूर वाटणारी तार हाताला येते. नियमाप्रमाणे घरगुती दाबाच्या तारेपासून बांधकाम बाजूने किमान १.२ मीटर आणि उभ्यात २.५ मीटर दूर हवं. अकरा हजार व्होल्टच्या तारेसाठी उभं अंतर ३.७ मीटर आहे. पण ही अंतरं उभ्या इमारतीसाठी आहेत. काम चालू असताना बारा मीटरची सळई, ॲल्युमिनियमची शिडी किंवा लोखंडी पाइप हातात असतो आणि तो वळवताना अंतर क्षणात संपतं. उच्च दाबाच्या तारेला तर स्पर्श व्हावाच लागतो असंही नाही. पुरेसं जवळ गेल्यावर वीज हवेतून उडी घेते. तार जवळ असेल तर काम सुरू करण्याआधी महावितरणकडे लेखी अर्ज करून ती हलवून घेणं किंवा कामाच्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घेणं हाच उपाय आहे.

दुसरा धोका खालच्या वायरचा. मिक्सर, व्हायब्रेटर, कटर आणि पाण्याची मोटर यांच्या जोडलेल्या, सोललेल्या वायरी ओल्या जमिनीवर पसरलेल्या असतात. तात्पुरत्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवला तर वीज अंगातून वाहू लागताच तो एका निमिषात पुरवठा तोडतो. सगळ्या बांधकामाच्या खर्चात त्याची किंमत नगण्य असते.

नव्या टाकीतला विषारी श्वास

मे २०२३ मध्ये आपल्याच परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच कामगार गुदमरून मेले. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा वायू साठतो. सुरुवातीला त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास येईनासा झाला म्हणजे हवा चांगली झाली, असं समजणारा माणूस काही श्वासांत कोसळतो.

वापरलेल्या टाकीची भीती आता लोकांना कळते. नव्या टाकीची कळत नाही. स्लॅब टाकून बंद केलेल्या टाकीत क्युरिंगचं पाणी उतरतं, आतली सेंटरिंगची लाकडं ओली राहून कुजतात आणि त्यात हवेतला प्राणवायू संपतो. पंधरा-वीस दिवसांनी प्लेटा काढायला माणूस छोट्या तोंडातून आत उतरतो आणि आवाजही न करता पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा अपघातांत एकाच घरातले अनेक जण जातात ते यामुळेच. टाकी नवी असो वा जुनी, तिची सगळी झाकणं बराच वेळ उघडी ठेवून पंख्याने किंवा ब्लोअरने ताजी हवा आत सोडावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा आणि त्याचं टोक वर दोघांनी धरावं. आत कोणी पडलं तर मागून उतरू नये. दोराने वर ओढावं. सुरक्षेची साधनं न देता मैल्याची टाकी माणसाकडून साफ करून घेणं तर २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

या पाच कारणांशिवाय ऊन आणि धूळ हे सावकाश मारणारे धोके. एप्रिल-मे महिन्यांत परभणी जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडून बराच वर जातो. अशा दिवसांत स्लॅबचं काम पहाटे सुरू करावं, दुपारी सावलीत विश्रांती द्यावी. फरशी आणि ग्रॅनाइट कापताना पाणी सोडलं तर धूळ बसते. कोरडी कापली तर त्यातली सिलिका फुप्फुसात जाऊन राहते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही.

कायदा कुठे थांबतो

बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा देशात १९९६ मध्ये झाला. तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. पाळणाघराची सक्ती पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे होती, सुरक्षा समितीची सक्ती पाचशे कामगारांवर होती. दहा लाखांच्या आतलं स्वतःचं घर कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेने घेतली, पण दहाची मर्यादा राहिली. तालुक्याच्या गावातलं घर सात-आठ माणसांत बांधलं जातं. म्हणजे ज्या कामांवर आपली माणसं राबतात, तिथे निरीक्षक येतच नाही.

एक दार मात्र प्रत्येक मजुराला उघडं आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी कामाच्या आकारावर अवलंबून नाही. वय १८ ते ६० आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकाम केल्याचा दाखला, एवढी अट आहे. नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसांना पाच लाख रुपये मिळतात, नैसर्गिक मृत्यू झाला तर दोन लाख. मुलांच्या शिक्षणाला आणि बाळंतपणाला मदत आहे, सुरक्षा संच आहे. अडते ते नव्वद दिवसांच्या दाखल्यापाशी. आज इथे, उद्या तिथे जाणाऱ्या बिगाऱ्याला सही कोण देणार? घरमालकाने आणि गुत्तेदाराने मजुराच्या दिवसांची नोंद ठेवून त्याला लेखी दिली, तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत त्याची बाजू भक्कम होते.

याच गावातली दुसरी शिस्त

पूर्णा हे रेल्वेचं गाव. मनमाड, नांदेड आणि अकोला या तिन्ही दिशांचे मार्ग इथे भेटतात आणि कित्येक घरांत रेल्वेची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. रूळ काढायचा असेल तर आधी ‘ब्लॉक’ घेतला जातो, त्या मार्गावरची वाहतूक थांबवली जाते, बॅनर फ्लॅग आणि फटाका-सिग्नल लावले जातात आणि मगच मुकादम हातात हत्यार घेऊ देतो. गाडी येणार नाही असं सगळ्यांना वाटत असलं तरी हे केलंच जातं. रेल्वेचे हे नियम अपघातांतून आणि मृत्यूंतून शिकत तयार झाले आहेत. ब्रिटिश काळात बोरघाटाचा लोहमार्ग बांधताना हजारो मजूर मेले. तिथपासून आजच्या ब्लॉकपर्यंत येताना या शिस्तीने फार मोठी किंमत मोजली आहे.

शिस्त लावली की माणसं वाचतात याचे पुरावे जगभर आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना खाली जाळं लावलं होतं; त्या जाळ्याने १९ कामगार झेलले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं क्रीडासंकुल एकही कामगार न गमावता उभं राहिलं. पूर्णेतल्या ज्या घरात वडील ब्लॉकशिवाय रुळावर पाऊल टाकत नव्हते, त्याच घराच्या स्लॅबवर मजूर कठड्याविना काम करत असतील तर ती उणीव ज्ञानाची म्हणता येणार नाही. तिथे कोणी विचारणारं नसतं, एवढंच खरं कारण आहे. विचारणारा तो घरमालकच होऊ शकतो, कारण पैसा त्याच्या हातात असतो.

गुत्तं देताना ठरवायच्या गोष्टी

घर बांधायला देताना दर, मुदत आणि हप्ते जसे कागदावर लिहितो, तशाच पुढच्या अटी लिहाव्यात:

१. स्लॅब आणि बीमचे टेकू किती दिवसांनी निघतील, तो दिवस लिहायचा. त्या आधी प्लेटा हलणार नाहीत.

२. स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक टेकूखालची फळी आणि आडव्या पट्ट्या मिस्त्रीने घरमालकासमोर तपासायच्या.

३. स्लॅबच्या कडेला आणि जिन्याच्या भोकाला त्याच दिवशी कठडा. सळयांच्या उघड्या टोकांवर टोपणं किंवा लाकूड.

४. पाच फुटांहून खोल चरीत आधाराशिवाय कोणी उतरणार नाही.

५. तात्पुरत्या वीजजोडणीवर गळतीरोधक स्विच. तार जवळ असेल तर महावितरणची परवानगी.

६. बंद टाकीत हवा सोडल्याशिवाय आणि दोर बांधल्याशिवाय कोणी उतरणार नाही.

७. प्रत्येक मजुराच्या दिवसांची वही आणि काम संपल्यावर दाखला.

अपघात झालाच तर विजेच्या धक्क्यात आधी पुरवठा बंद करायचा, मगच माणसाला हात लावायचा. उंचावरून पडलेल्याला हात-पाय धरून उचलायचं नाही. मान आणि पाठ सरळ ठेवून फळीवर घ्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. मोठं रुग्णालय परभणी किंवा नांदेडला आहे. तिथे पोहोचेपर्यंतचा वेळ कमी नाही, म्हणून अपघात होऊच न देणं इथे अधिक मोलाचं ठरतं.

या अटींचा खर्च घराच्या एकूण खर्चात अल्प आहे. गुत्तेदार त्यासाठी दोन पैसे जास्त मागेल, ते द्यावेत. पूर्णेत यंदा ज्यांचं घर, गाळा किंवा विहीर होणार आहे, त्यांनी खर्चाच्या अंदाजात सिमेंट, सळई आणि वाळूच्या खाली सुरक्षेची एक ओळ लिहावी आणि ती मान्य झाल्यावरच इसार द्यावा.